जपानच्या डिस्नीला एकटीनं जायचंय? आधी तारखा बदला

*ताई, माझं वय ४४. सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्न केलं नाही, आई माझ्याजवळ असते. लहानपणी रविवारी दूरदर्शनवर डिस्नीची कार्टून्स लागायची, तेव्हापासून एकदा तरी तो किल्ला डोळ्यांनी बघायचा मनात आहे. त्यासाठी आरडी भरून पैसे साठवले. अमेरिका परवडणारी नाही, म्हणून टोकियो ठरवलं. मैत्रिणी आधी हो म्हणाल्या, मग एकेक करून गळल्या. भाऊ म्हणतो, "मुलंबाळं घेऊन जायची जागा ती, तू एकटी तिथे काय करणार?" आईनं भूकंपाचं घेतलंय. मला मार्चएन्डिंग आटोपल्यावर २८ एप्रिल ते ५ मे अशी रजा मिळू शकते. मी शाकाहारी आहे, जपानी येत नाही, इंग्रजी कामापुरतं. एक गुडघा अधूनमधून कुरकुरतो. डिस्नीलँड आणि डिस्नीसी ही दोन्ही पार्क एका दिवसात होतील का? टूर कंपनीबरोबर जावं की आपलं आपण? आणि खरं सांगा, हे वेडेपण तर नाही ना?*
*– एक वाचक, सांगली*

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. पण जे तुम्ही विचारलंच नाही ते आधी सांगते, कारण सगळी सहल त्यावर अवलंबून आहे. २८ एप्रिल ते ५ मे या तारखा सोडून द्या. जपानमध्ये २९ एप्रिल, ३ मे, ४ मे आणि ५ मे अशा चार सरकारी सुट्ट्या आठवडाभरात येतात, त्याला शनिवार-रविवार जोडून गोल्डन वीक होतो आणि त्या आठवड्यात अख्खा देश घराबाहेर पडलेला असतो. हॉटेलांचे दर चढतात, लांबच्या गाड्या भरून वाहतात. त्यातली ५ मेची सुट्टी तर बालदिनाची. त्या दिवशी डिस्नी पार्कात काय गर्दी असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. पहिल्यांदा जाणाऱ्या आणि गुडघा सांभाळणाऱ्या माणसानं तो आठवडा टाळलाच पाहिजे.

त्याऐवजी मेचा दुसरा किंवा तिसरा आठवडा मागा. पतसंस्थेत रजेसाठी दोन आठवडे पुढे-मागे होणं अवघड नसावं, आणि मार्चएन्डिंगनंतरची उरलीसुरली कामंही तोवर निपटतील. टोकियोत तेव्हा दिवसा बावीस-तेवीस अंश असतात, रात्री पंधराच्या आसपास. सांगलीच्या मे महिन्यातून गेल्यावर अंगाला बरं वाटेल. तिकडचा पावसाळा साधारण जूनच्या सुरुवातीला लागतो, त्याच्या आत तुम्ही परत येता. वार मंगळवार ते गुरुवार यांतला घ्या. मे महिन्यात शाळांच्या सहली असतात, गणवेशातली मुलं घोळक्यानं दिसतील, तरीही शनिवार-रविवारपेक्षा तो दिवस बरा.

आणि काही कारणानं सहल पुढे ढकलावी लागली तर आणखी तीन तारखा वहीत लिहून ठेवा: १५ जून, १ ऑक्टोबर आणि १४ नोव्हेंबर. पहिला चिबा प्रांताचा दिवस (डिस्नी तिथेच आहे), दुसरा टोकियोचा, तिसरा शेजारच्या सैतामा प्रांताचा. त्या राष्ट्रीय सुट्ट्या नाहीत, त्यामुळे नेहमीच्या कॅलेंडरात दिसतही नाहीत, पण त्या त्या भागातल्या बऱ्याच शाळा त्या दिवशी बंद असतात आणि मुलांचा मोर्चा थेट डिस्नीकडे वळतो. आठवड्याच्या मधला दिवस निवडूनही रांगा का संपत नाहीत, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

आता वेडेपणाचं. नाही, अजिबात नाही. भावाच्या डोक्यात जे चित्र आहे ते टोकियोच्या पार्काला लागू पडत नाही. ही दोन्ही पार्कं ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी चालवते आणि ती आपल्या पाहुण्यांची वयोगटवार आकडेवारी जाहीर करते. त्यात अठरा वर्षांवरचे लोक बहुसंख्य असतात आणि चाळिशीपुढच्यांचा वाटा अलीकडच्या वर्षांत वाढत गेला आहे. ऑफिस सुटल्यावर एकट्यानं येणारी माणसं, फक्त एका शोसाठी मोठी लेन्स लावून बसणाऱ्या मध्यमवयीन बायका, नातवंडांशिवाय आलेले आजी-आजोबा हे सगळं तिथे रोजचं आहे. जपानमध्ये एकट्यानं जेवणं, एकट्यानं सिनेमाला जाणं याकडे कुणी वळून बघत नाही. रामेनच्या, म्हणजे नूडल्सच्या सुपाच्या, दुकानांत तर एकेकट्या माणसासाठीच बाकं असतात. तुम्ही एकट्या आहात हे तिथे तुमच्याशिवाय कुणाच्याही लक्षात येणार नाही.

पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला आणखी एक गोष्ट जाणवली. दोन्ही पार्क एका दिवसात होतील का, टूरबरोबर जावं का हे तुम्ही माहिती म्हणून विचारता. "वेडेपण तर नाही ना" हे मात्र परवानगी मागितल्यासारखं आहे. पैसे तुमचे, रजा तुमची, इच्छा तीस वर्षांपूर्वीची. आईला आणि भावाला तुम्ही विश्वासात घ्या, त्यांना सगळा बेत दाखवा, त्यांच्या शंकांना उत्तरं द्या. मात्र "जाऊ का?" असं विचारू नका. "मी या तारखांना जातेय, इथे राहणार आहे, या वेळेला फोन करीन" असं सांगा. आपल्याकडे एकट्या बाईनं तीर्थयात्रेला जायचं म्हटलं की कुणी अडवत नाही, आनंदासाठी जायचं म्हटलं की कारण विचारलं जातं. ते कारण द्यायला तुम्ही बांधील नाही.

आता पार्काकडे वळू. नाव टोकियोचं असलं तरी दोन्ही पार्कं टोकियोत नाहीत. शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासू शहरात, समुद्रात भर घालून तयार केलेल्या जमिनीवर ती आहेत. स्टेशन माइहामा. टोकियो डिस्नीलँड १५ एप्रिल १९८३ ला सुरू झालं, अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नी पार्क. डिस्नीसी ४ सप्टेंबर २००१ ला. दोन्ही एका दिवसात होतील का, तर नाही. साधं एक दिवसाचं तिकीट एकाच पार्काचं असतं, आणि दोन्ही पार्कं मोठी आहेत.

तुमच्यासाठी माझा बेत असा: एक पूर्ण दिवस डिस्नीसी, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी फक्त संध्याकाळ डिस्नीलँड. डिस्नीलँडला सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाचनंतर प्रवेश देणारं तिकीट मिळतं, पूर्ण दिवसाच्या तिकिटापेक्षा बरंच स्वस्त. तुम्हाला जो किल्ला बघायचा आहे तो सिंड्रेलाचा किल्ला डिस्नीलँडमध्येच आहे आणि तो दिवे लागल्यावर जास्त देखणा दिसतो. रात्रीची दिव्यांची परेडही तिथेच. म्हणजे लहानपणापासून मनात असलेली जी गोष्ट आहे ती त्या संध्याकाळी होते, आणि पूर्ण दिवस तुम्ही अशा पार्काला देता जे जगात दुसरीकडे कुठेच नाही. डिस्नीलँडमधली स्पेस माउंटन ही प्रसिद्ध राइड नव्यानं बांधण्यासाठी ३१ जुलै २०२४ ला बंद झाली आणि २०२७ मध्ये उघडायची आहे, हेही माहीत असू द्या. तिच्यासाठी हळहळण्याचं कारण नाही.

या दोन भेटींमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. पार्कात दिवसभरात वीस हजार पावलं सहज होतात, आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्याला दुसऱ्या दिवशी विश्रांती लागते. आतापासून रोज चालायला लागा, आणि जे बूट घालून जाणार ते महिनाभर आधी वापरून मऊ करून घ्या. कोरे बूट घालून विमानात चढू नका.

डिस्नीसी एकट्या माणसाला का मानवतं, हे जरा सविस्तर सांगते. ते बंदरांचं पार्क आहे. मध्ये पाणी, त्याच्या भोवती इटलीचं एक गाव, शंभर वर्षांपूर्वीचं न्यूयॉर्क, अरबी किनारा, जंगलातलं नदीखोरं, आणि सगळ्यांच्या मधोमध माउंट प्रोमिथियस नावाचा ज्वालामुखी, जो अधूनमधून खरोखर धूर आणि ज्वाळा सोडतो. २०२४ च्या ६ जूनला फँटसी स्प्रिंग्ज हा आठवा भाग उघडला, त्यात एल्सा-अ‍ॅना, रपुन्झेल आणि पीटर पॅन यांच्या राइड आहेत. पण राइड सोडूनही इथे नुसतं हिंडण्यात दिवस जातो. भिंतींवरची चित्रं, पुलाखालून जाणाऱ्या गोंडोला, धक्क्याला उभं असलेलं एस. एस. कोलंबिया जहाज. त्या जहाजाच्या डेकवर वाऱ्याला उभं राहायला पैसे पडत नाहीत आणि तिथून टोकियोचा उपसागर दिसतो. घोळक्यात असलेल्याला हे सगळं बघायला सवड नसते, कारण कुणाला तरी भूक लागलेली असते आणि कुणाला तरी पुढची राइड गाठायची असते.

एकटीचे आणखी फायदे आहेत. काही राइडना सिंगल रायडर नावाची वेगळी रांग असते. चार जणांच्या डब्यात तीन जणच बसले की रिकामी जागा भरायला एकट्या माणसाला पुढे घेतात. डिस्नीसीमध्ये इंडियाना जोन्सच्या राइडला ही सोय असते, ती रोज चालू असेलच असं नाही, म्हणून दाराशी उभ्या कर्मचाऱ्याला "सिंगल रायडर?" एवढंच विचारा. बरीच प्रतीक्षा वाचते. ती राइड हिसके देते, गुडघ्यापेक्षा पाठीला जास्त, हे मात्र ध्यानात ठेवा.

त्या दिवसाची आखणी कशी करायची? फक्त सकाळच्या दोन तासांची करा, पुढचं सोडून द्या. पार्क बहुतेक वेळा सकाळी नऊला उघडतं आणि दारं त्याच्या आधीही उघडतात, तेव्हा सव्वाआठपर्यंत रांगेत असा. आत गेल्याबरोबर एका बाजूला उभं राहून मोबाईलवर पार्काचं अॅप उघडा. तिथे डिस्नी प्रीमियर अॅक्सेस म्हणून पैसे देऊन रांग टाळण्याची सोय असते, एका राइडला साधारण १,५०० ते २,५०० येन. सगळ्या राइडसाठी घेऊ नका, त्यात पैसे उगाच जातात. फक्त एका राइडसाठी घ्या, आणि ती एल्सा-अ‍ॅनाची घ्या, कारण तिची रांग दिवसभर लांबच राहते. एकदा घेतल्यावर दुसरा लगेच मिळत नाही, साधारण तासभर थांबावं लागतं. मन झालं तर तेव्हा सोअरिंगसाठी घ्या. सोअरिंग म्हणजे खुर्चीत बसून जगावरून उडण्याचा भास, गुडघ्याला काहीच त्रास नाही. ज्वालामुखीच्या पोटातून जाणाऱ्या राइडची रांग पहिल्या अर्ध्या तासात बरी असते, तेव्हाच तिकडे चाला.

मग घाई संपली. अरबी किनाऱ्यावरची सिंदबादची होडी मुद्दाम करा. तिला क्वचितच मोठी रांग असते, आणि म्हणूनच लोक तिला कमी लेखतात. मला ती सगळ्या पार्कात सगळ्यात आवडते. शेकडो हलत्या बाहुल्या, एक गोड गाणं, आणि सिंदबादबरोबर चंदू नावाचा वाघाचा बछडा. गाणं जपानीत आहे. शब्द कळले नाहीत तरी काही अडत नाही. शोदेखील बहुतेक जपानीतच असतात, ते मन लावून बघा, गोष्ट समजते.

एकटीला काही बारीक अडचणीही येतात. रांगेत जागा धरायला कुणी नसतं, म्हणून मोठ्या रांगेत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, आणि मध्येच निकड आली तर कर्मचाऱ्याला सांगून मगच बाहेर पडा. परेडसाठी चादर अंथरून जागा धरायची पद्धत तिथे आहे, पण चादर टाकून निघून जायची मुभा नाही. तुम्ही बसून राहू शकणार नसाल तर उभं राहायच्या भागात जा. एका माणसाला पुढे फट मिळतेच. सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉड चालत नाहीत. फोटो हवा असेल तर कर्मचाऱ्याला फोन द्या, ते हसून काढून देतात, आणि एक नाही, आडवा-उभा दोन्ही काढतात. बॅग लहान घ्या, पायाशी मावेल एवढी.

संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला एकदा मन खट्टू होईल. मी हे आधीच सांगते, कारण ते जवळजवळ सगळ्यांना होतं. पाय दुखत असतात, दिवे लागलेले नसतात, आजूबाजूला कुटुंबं जेवायला बसलेली असतात आणि "ही मजा कुणाला तरी दाखवायला हवी होती" असं वाटतं. त्या वेळेला रांगेत उभं राहू नका. पार्कात फिरणारी छोटी आगबोट आहे, उंचावरून जाणारी जुन्या धाटणीची रेल्वे आहे, त्यात बसा. काहीतरी गरम प्या. आईला एक फोटो पाठवा. तासाभरात अंधार पडतो, ज्वालामुखी लाल होतो, पाण्यावरच्या शोची तयारी सुरू होते आणि मनही आपोआप बदलतं. त्या तासात हॉटेलवर परतायचा निर्णय घेऊ नका.

जेवणाचं मात्र अवघड आहे, ते गोड करून सांगत नाही. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचं पाणी बहुतेक सगळ्यात असतं आणि ते सुकवलेल्या माशापासून करतात. भाजीच्या दिसणाऱ्या सुपात, सॉसमध्ये, भातावरच्या मसाल्यातसुद्धा. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं तर अनेकांना "मांसाचे तुकडे नकोत" एवढंच कळतं. म्हणून मांस, मासे, माशाचं पाणी, कोंबडीचं पाणी यांतलं काहीही खात नाही असं जपानीत लिहिलेलं एक कार्ड छापून घ्या आणि ते दाखवा. पार्कात अरेबियन कोस्टला कस्बा नावाच्या फूड कोर्टात करी आणि नान मिळतं, पण नान दिसलं म्हणून करी शाकाहारी समजू नका. विचारल्याशिवाय घेऊ नका. फ्रेंच फ्राइज, चुरो, पॉपकॉर्न यांच्यावर दिवस ढकलता येतो. पॉपकॉर्नच्या वेगवेगळ्या चवींच्या गाड्या तिथे प्रसिद्ध आहेत; कॅरमेल घ्या, निर्धास्त.

घरचा डबा आत नेता येत नाही. अ‍ॅलर्जी किंवा वैद्यकीय पथ्य असेल तर सूट असते, आवडीनिवडीसाठी नाही. पण प्रवेशद्वाराबाहेर बसून खायची जागा आहे आणि त्याच दिवशी पुन्हा आत जाता येतं. तेव्हा खाकरे, दशम्या, चटणी, लाडू लॉकरमध्ये ठेवा आणि दुपारी बाहेर येऊन निवांत खा. भारतातून जाताना ताजी फळं, भाज्या, ताजा कढीपत्ता आणि मांसाचं काहीही बरोबर नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. रोजच्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानांत केळी, दही, पाव, सोयाचं दूध आणि नुसतं मीठ लावलेली भाताची ओनिगिरी मिळते.

याच कारणासाठी राहायची जागा मी निशी-कासाई किंवा कासाई भागात सुचवेन. टोकियोच्या एडोगावा वॉर्डातला हा भाग भारतीयांचा म्हणून ओळखला जातो. २००० च्या सुमारास आयटीतले लोक तिकडे जाऊन राहिले, तोझाई मेट्रोनं थेट ऑफिसांच्या भागात जाता येत असल्यामुळे वस्ती वाढत गेली. तिथे भारतीय किराणा मिळतो, भारतीय जेवण मिळतं. अंबरनाथमध्ये जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. आईला हे जरूर सांगा, तिला धीर येईल. कासाई स्टेशनवरून शटल सेव्हन नावाची बस थेट डिस्नीला जाते, त्यामुळे टोकियो स्टेशनचा फेरा पडत नाही. तो फेरा साधा नाही: माइहामाला जाणाऱ्या केइयो लाइनचे फलाट टोकियो स्टेशनात इतके लांब आहेत की जमिनीखालून चांगली दहा मिनिटं चालावं लागतं. शहराच्या मध्यातच राहायचं असेल तर हाच्चोबोरी बघा, ते केइयो लाइनवरच पुढचं स्टेशन आहे. हॉटेल साधं बिझनेस हॉटेल घ्या. तिथे एकट्यासाठीच्या खोल्या असतात आणि एकट्या बाईला कुणी प्रश्न विचारत नाही. पार्काजवळची डिस्नीची हॉटेलं सुंदर आहेत, पण तुम्ही खोलीत फक्त झोपायला येणार आहात.

टूर कंपनीचं म्हणाल तर, या सहलीसाठी मी नको म्हणेन. टूरमध्ये डिस्नी हा आठ ठिकाणांपैकी एक थांबा असतो, दुपारी बस निघायची वेळ झाली की ज्वालामुखी अर्धवट सोडून परतावं लागतं. तुम्ही ज्यासाठी जाताय तेच हातचं जाईल. विमान आणि व्हिसाची कामं एजंटकडून करून घ्यायला हरकत नाही.

व्हिसा भारतीयांना लागतो. एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून होतो. तो पासपोर्टवर चिकटत नाही, विमानतळावर फोनवर इंटरनेट चालू असताना दाखवावा लागतो. छापील कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. तेव्हा जपानला उतरताक्षणी फोनवर डेटा हवा. आणि तुमचं भारतातलं सिमही एसएमएस घेण्यापुरतं चालू ठेवा, कारण तिथे कार्डानं पैसे भरताना बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. प्रीमियर अॅक्सेस घेताना ओटीपी आला नाही तर सकाळच्या घाईत काहीच सुचत नाही. दोन सिमचा फोन किंवा ई-सिम हा त्यावर उपाय. पॉवर बँक बरोबर ठेवा, दिवसभर अॅप बघून बॅटरी दुपारीच संपते. चार्जरसाठी दोन चपट्या पिनांचा अॅडॉप्टर लागेल.

औषधांबाबत एक सक्त सूचना: स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध सहज म्हणून बॅगेत टाकू नका, जपानचे नियम याबाबत फार कडक आहेत. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चिठ्ठीसकट मूळ पाकिटातच न्या, आणि त्यात काय आहे ते आधी त्यांनाच विचारा.

आईच्या भूकंपाच्या भीतीला "काही होत नाही" असं उत्तर देऊ नका, कारण भूकंप होतात. तिला ११ मार्च २०११ चं सांगा. त्या दुपारी मोठा भूकंप झाला तेव्हा दोन्ही पार्कांत मिळून सुमारे सत्तर हजार माणसं होती. उरायासू शहरात भर घातलेली जमीन चिखलासारखी होऊन रस्ते उखडले, गाड्या बंद पडल्या, हजारो लोकांना रात्र पार्कातच काढावी लागली. कर्मचाऱ्यांनी डोक्यावर धरायला दुकानांतल्या मऊ बाहुल्या वाटल्या, खाऊ वाटला, थंडीत अंगावर घ्यायला पिशव्या आणि पुठ्ठे दिले. अशा प्रसंगाचा सराव तिथे वर्षभर चालू असतो, म्हणून ते जमलं. तुम्ही एवढंच करायचं: हादरा बसला तर पळायचं नाही, खाली बसायचं आणि कर्मचारी हातानं दाखवतील तसं करायचं. पोलिसांना ११०, रुग्णवाहिकेला ११९. पासपोर्ट कायम जवळ, परदेशी माणसाला ते तिथे बंधनकारक आहे. रोज रात्री साडेनऊला आईला फोन करा; जपान साडेतीन तास पुढे असल्यामुळे तेव्हा सांगलीत संध्याकाळचे सहा वाजलेले असतील, तिला जागत बसावं लागणार नाही.

पार्क बंद होताना सगळी गर्दी एकदम स्टेशनकडे निघते. वीस-पंचवीस मिनिटं आतच बसून राहा, दुकानं बघा, मग निघा. गाड्या मध्यरात्रीच्या आसपासपर्यंत असतात, घाई नको.

राहिलं तिकीट. ऑक्टोबर २०२३ च्या दरांनुसार मोठ्यांचं पूर्ण दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येन आहे. एक येन साठ पैशांच्या आसपास धरा, म्हणजे पाच ते साडेसहा हजार रुपये. तुमच्या तारखेचा नेमका दर तिकीट काढताना बघून घ्या. तिकीट ठरलेल्या तारखेचंच असतं, पैसे परत मिळत नाहीत, पण जागा असेल तर तारीख बदलता येते. भेटीच्या बरोबर दोन महिने आधी, जपानच्या दुपारी दोन वाजता विक्री सुरू होते, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहा. समजा तुम्ही १३ मे ठरवलीत, तर १३ मार्चला सकाळी साडेदहाला. तेव्हा तुम्ही मार्चएन्डिंगच्या फाइलींत बुडालेल्या असाल, म्हणून आत्ताच मोबाईलवर गजर लावून ठेवा. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बँकेत विचारून घ्या. आणि रजेचा अर्ज, नव्या तारखांचा, या आठवड्यातच द्या.